बीफ-ब्रोकोली घरी कसं करावं: मऊपणा सुरीतून येतो, आचेतून नाही

ज्याचा मटणाचा हात चांगला आहे, त्याचंच बीफ-ब्रोकोली पहिल्यांदा बिघडतं. आपल्याकडे मांस वातड लागलं की उपाय एकच असतो: कुकरच्या आणखी दोन शिट्ट्या काढा. मटणाच्या नळीपाशी, सांध्यापाशी जे चिवट पडदे असतात ते मंद आचेवर तासाभरात विरघळतात आणि रश्श्याला अंग येतं, म्हणून तिथे तो उपाय बरोबरच आहे. अमेरिकेतल्या चायनीज हॉटेलांत मिळणारं बीफ-ब्रोकोली मात्र नेमकं उलट चालतं. त्यातलं मांस कढईत जेमतेम दोन-तीन मिनिटं असतं. त्याच्या पुढे गेलं की रबर होतं, आणि मग कितीही परतलं तरी सुधारत नाही.

न्यू जर्सीत राहायला आल्यावर मी हा पदार्थ पहिल्यांदा घरी केला, तेव्हा सगळं मांस एकदम कढईत घातलं. पाणी सुटलं, ते त्या पाण्यात शिजलं आणि करडं, चिवट झालं. मी सवयीने झाकण ठेवून आणखी शिजवलं. तो अर्धा किलो वाया गेल्यावर मी कापणं, मुरवणं आणि परतणं या तीनच गोष्टींकडे नीट लक्ष द्यायला लागले. हा लेखही बराचसा त्यांच्यावरच आहे.

आधी या पदार्थाचं घराणं थोडक्यात. अमेरिकेत सुरुवातीला गेलेले बहुतेक चिनी लोक दक्षिणेतल्या ग्वांगडाँग प्रांतातले, त्यातही मोठ्या संख्येने तायशान भागातले. १८४९च्या सुमारास ते कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात आले, पुढे १८६९मध्ये पूर्ण झालेल्या आंतरखंडीय रेल्वेमार्गावर राबले, आणि १८८२मध्ये चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा झाला. तो १९४३पर्यंत टिकला. नोकऱ्यांची दारं बंद झाल्यावर अनेकांनी लाँड्री आणि खानावळींचा आसरा घेतला. ग्वांगडाँगकडे बीफ परततात ते गाय-लान नावाच्या पालेभाजीबरोबर. तिचे देठ जाड आणि चव किंचित कडसर. अमेरिकेत तिची जागा ब्रोकोलीने घेतली. ब्रोकोली तिथे मोठ्या प्रमाणावर पिकायला लागली ती १९२०च्या दशकात, कॅलिफोर्नियात, दारिगो बंधू या इटालियन स्थलांतरितांमुळे. म्हणजे चिनी हाताने, इटालियनांनी रुजवलेल्या भाजीत, अमेरिकन मांस घालून हा पदार्थ उभा राहिला. गंमत अशी की गाय-लान, ब्रोकोली, आपला कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल या सगळ्या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या भाज्या आहेत. त्यामुळे अदलाबदल जमली यात नवल नाही.

आपल्या गाडीवरच्या चायनीजची चव मनात धरून हे करू नका. आपलं चायनीज लालभडक, तिखट, व्हिनेगरचं. हे तपकिरी, खारट-गोडसर, आलं-लसणाच्या वासाचं असतं आणि त्यात मिरची जवळजवळ नसते. पहिल्यांदा करताना शेजवान चटणी बाजूलाच ठेवा. दोन घास तसेच खा, मग हवी तर घ्या.

काय लागेल

चार जणांना, भाताबरोबर:

मांस: ४५० ग्रॅम फ्लँक स्टेक, अर्धा चमचा खायचा सोडा, १ मोठा चमचा साधा सोया सॉस, १ मोठा चमचा शाओशिंग वाइन, म्हणजे तांदळाची चिनी वाइन (किंवा ड्राय शेरी), २ चमचे कॉर्नस्टार्च, १ चमचा तेल.

भाज्या: ३५० ग्रॅम ब्रोकोली, १ गाजर, १ मध्यम कांदा, ४-५ लसूण पाकळ्या, इंचभर आलं.

सॉस: अर्धा कप चिकन किंवा बीफ स्टॉक, २ मोठे चमचे ऑयस्टर सॉस, १ मोठा चमचा साधा सोया सॉस, १ चमचा डार्क सोया सॉस, २ चमचे ब्राउन शुगर, चिमूटभर पांढरी मिरपूड, १ मोठा चमचा कॉर्नस्टार्च, आणि शेवटी घालायला १ चमचा भाजलेल्या तिळाचं तेल.

परतायला ३ मोठे चमचे रिफाइंड शेंगदाणा तेल. घाण्याचं तेल इथे चालत नाही, ते लवकर धुरावतं आणि त्याचा वास सगळ्यावर चढतो.

चमचा म्हणजे ५ मिलीलीटरचा, मोठा चमचा १५चा. एका शब्दावरून गोंधळ होतो: भारतात ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून जी पांढरीशुभ्र, बोटात करकरणारी पूड मिळते, तिला अमेरिकेत कॉर्नस्टार्च म्हणतात. अमेरिकेत कॉर्नफ्लोअर मागितलंत तर मक्याचं पीठ हातात पडेल, आणि सॉसचं पिठलं होईल.

डार्क सोया मुख्यतः रंगासाठी असतो, साधा खारटपणासाठी. एकाच्या जागी दुसरा घालू नका. ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा अर्क; ग्वांगडाँगमधल्या ली कुम श्युंग याने १८८८मध्ये तो बाटलीत भरून विकायला सुरुवात केली आणि त्याच्या नावाची कंपनी आजही तो विकते. कालवं-शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर मश्रूमपासून केलेला शाकाहारी ऑयस्टर सॉस मिळतो, तो वापरा.

मांस निवडणं आणि कापणं

फ्लँक स्टेक म्हणजे जनावराच्या पोटाखालचा चपटा तुकडा. त्यात चरबी आणि पडदे कमी, पण धागे लांब, जाड आणि डोळ्यांना स्पष्ट दिसणारे. म्हणूनच तो या कामाला उत्तम: धागा कुठल्या दिशेने जातो ते शोधावं लागत नाही. तो मिळाला नाही तर सरलॉइन, म्हणजे पाठीच्या मागच्या भागातलं मांस चालेल. ‘स्ट्यू’ किंवा ‘करीसाठी’ म्हणून चौकोनी तुकडे करून ठेवलेलं मांस अजिबात घेऊ नका, ते तासभर शिजवायचं असतं.

तुकडा अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा. पूर्ण गोठू द्यायचा नाही, बोटाने दाबल्यावर घट्ट लागेल इतपतच. नाहीतर सुरीखाली मांस सरकतं आणि चकत्या जाड-बारीक होतात. मग धाग्याच्या दिशेने त्याच्या पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या करा. आता प्रत्येक पट्टी धाग्याला आडवी कापत जा, चकती साधारण तीन मिलीमीटर जाड. सुरी थोडी तिरकी धरलीत तर चकत्या रुंद येतात.

आडवं का कापायचं, ते उसावरून समजतं. ऊस उभा सोलून चावला तर दोऱ्या दातांत अडकतात. त्याचेच आडवे, पातळ करवे केले तर प्रत्येक दोरी इतकी आखूड होते की चावायला जोर लागत नाही. मांसाचंही तसंच. धाग्याच्या दिशेने कापलेली चकती कितीही मुरवलीत तरी दोरीसारखी लागणार. सगळ्या कृतीतली एकच पायरी जपायची असेल तर ही जपा.

मुरवणं

कापलेल्या मांसावर सोडा आणि दोन मोठे चमचे पाणी घालून हाताने कालवा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. सोड्यामुळे मांसाचा पृष्ठभाग किंचित अल्कधर्मी होतो. मग आच लागल्यावर त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि ओलावा आत राहतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवलं तर मात्र मांस बुळबुळीत होतं आणि तोंडात साबणाची चव येते.

नंतर वाडग्यात पाणी घेऊन मांस दोनदा खळबळून काढा. नळाच्या धारेखाली धुऊ नका, कच्च्या मांसाचे शिंतोडे ओट्यावर उडतात. हाताने घट्ट पिळा आणि कागदी टॉवेलने टिपा. आता त्यात सोया सॉस आणि वाइन घालून ते मांसात जिरेपर्यंत कालवा, मग कॉर्नस्टार्च, आणि अगदी शेवटी तेल. तेल आधी घातलंत तर सोया सॉस आत शिरतच नाही. कॉर्नस्टार्चचा हा पातळ थर हॉटेलातल्या मांसाला तो गुळगुळीत, रेशमी पोत देतो, आणि पुढे सॉसही त्यालाच धरतो. असंच वीस मिनिटं राहू द्या. तेवढ्यात भात लावून घ्या, कारण एकदा परतायला सुरुवात केली की थांबता येत नाही.

भाज्या आणि सॉस

ब्रोकोलीचे तुरे एका घासाचे करा. देठ टाकू नका. वरची जाड साल सोलली की आतला गाभा नवलकोलासारखा गोड आणि कुरकुरीत निघतो, त्याच्या तिरक्या चकत्या करा. मला तुऱ्यांपेक्षा तोच जास्त आवडतो. गाजर तिरकं आणि पातळ, कांद्याच्या मोठ्या फोडी करून पाकळ्या सुट्या. ढोबळी मिरची, बेबीकॉर्न, मश्रूम असं सगळं एकत्र घालण्याचा मोह होतो. दोन-तीन भाज्यांवर थांबा, कारण कढईत जागा नसते आणि प्रत्येक भाजी पाणी सोडते.

ब्रोकोली आणि गाजर खारट उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून काढा आणि निथळल्यावर कापडावर पसरून कोरडे होऊ द्या. ओली ब्रोकोली गरम कढईत पडली की कढई थंड होते आणि सगळी मेहनत जाते.

सॉसचं सगळं साहित्य, तिळाचं तेल सोडून, एका वाटीत कालवून ठेवा. आलं-लसूण बारीक चिरून वेगळ्या वाटीत. गॅस पेटवण्याआधी सगळ्या वाट्या शेगडीशेजारी क्रमाने मांडा.

परतणं

हॉटेलच्या वॉकखालचा (वॉक म्हणजे चिनी कढई) बर्नर एक लाख बीटीयूच्या वरचा असतो; बीटीयू हे उष्णतेचं माप. घरातल्या चांगल्या गॅसचा मोठा बर्नर पंधरा हजारांच्या आसपास. कँटोनीज, म्हणजे ग्वांगडाँगकडचे लोक ज्याला ‘वॉक हे’ म्हणतात, तो धुरकट, किंचित करपट सुगंध एवढ्या तफावतीमुळे घरी पूर्णपणे येत नाही. पण जवळपास जाता येतं, त्यासाठी भांडं जाड हवं आणि एका वेळी घातलेला माल कमी हवा.

माझ्याकडे इलेक्ट्रिक शेगडी आहे, तिच्यावर गोल बुडाचा वॉक डळमळतो आणि तापतो फक्त मध्यभागी. मी बारा इंचाचा बिडाचा सपाट तवा वापरते. गॅस असेल तर आपली लोखंडी कढई छान. नॉनस्टिक भांडं इतक्या कडक आचेवर ठेवू नये, त्याचं आवरण खराब होतं.

चिमणी किंवा पंखा लावा, खिडकी उघडा. भांडं मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं रिकामं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत पळाला पाहिजे. एक मोठा चमचा तेल घाला, ते लवलवून हलका धूर दिसला की निम्मं मांस एका थरात पसरा आणि हात लावू नका. हे अवघड जातं, कालथा हातात असला की हात चालतोच. पण चाळीस-पंचेचाळीस सेकंद ते तसंच राहिलं पाहिजे, तेव्हाच खालून खमंग तपकिरी होतं. चर्र आवाज सतत येत राहिला पाहिजे. तो बसला आणि बुडबुडे दिसू लागले तर मांस जास्त झालं आहे. लगेच थोडं बाहेर काढा. मग उलटून आणखी अर्धा मिनिट परता आणि कुठेकुठे गुलाबी असतानाच ताटलीत काढा. उरलेलं मांस तसंच करा.

आता उरलेलं तेल घालून कांदा अर्धा मिनिट, मग ब्रोकोली आणि गाजर मिनिटभर. भाज्या कडेला सारा, मधल्या मोकळ्या जागेत आलं-लसूण घाला आणि वास सुटेपर्यंत, दहा-पंधरा सेकंद परता. आपल्या फोडणीच्या सवयीने लसूण सुरुवातीला घालावासा वाटतो, पण एवढ्या तापलेल्या तेलात तो क्षणात करपून कडू होतो.

मांस त्याच्या सुटलेल्या रसासकट परत घाला. सॉसची वाटी पुन्हा ढवळा, कॉर्नस्टार्च तळाशी बसलेलं असतं. सॉस भांड्याच्या कडेने ओता आणि सगळं खालीवर करत राहा. अर्ध्या-पाऊण मिनिटात तो उकळून चकचकीत होईल आणि प्रत्येक तुकड्याला चिकटेल. मांसाचा गुलाबीपणाही तेवढ्यात जातो. आच बंद, वरून तिळाचं तेल. झाकण ठेवायचं नाही, वाफेने ब्रोकोली पिवळट पडते.

बीफ नको असेल किंवा मिळत नसेल तर

महाराष्ट्रात २०१५पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचं मांस मिळतं. ते जास्त गडद आणि भरड धाग्याचं असतं, म्हणून चकती आणखी पातळ करा आणि सोडा पूर्ण अर्धा तास ठेवा. ज्यांना बीफ खायचंच नाही त्यांनी बोनलेस चिकन थाय (मांडीचं मांस) घ्यावं. सोड्याची पायरी गाळा, बाकी मुरवण तसंच, पण चिकन आतपर्यंत पूर्ण शिजलं पाहिजे, गुलाबी अजिबात चालत नाही. शाकाहारी घरात मी जाड चिरलेले मश्रूम आणि घट्ट टोफू घालते, ऑयस्टर सॉस मश्रूमचा आणि स्टॉक भाज्यांचा. मश्रूम मुरवू नका, नुसते कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परतून घ्या.

वाढायला लांब दाण्याचा साधा, मोकळा भात घ्या; जास्मिन तांदूळ चालतो. आंबेमोहोर इथे जुळत नाही, त्याचा स्वतःचा वास सॉसशी भांडतो. उरलंच तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हऐवजी तापलेल्या तव्यावर चमचाभर पाणी शिंपडून मिनिटभरच गरम करा. तिथेही जास्त वेळ ठेवलंत तर मांस पुन्हा आवळतं.