गायरान आणि वनहद्द जीपीएसवर घेताना या चुका टाळा

गायरानाची किंवा वनजमिनीची हद्द जीपीएसवर दिसू लागली की ती खरीच मानली जाते आणि बहुतेक चुकांची सुरुवात तिथेच होते. पडद्यावरची रेषा ज्या नकाशावरून काढली, त्याच्याइतकीच ती विश्वासार्ह असते.

सर्वांत मोठा घोळ संदर्भप्रणालीचा, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या गणिती आकारावर मोजले याचा असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट लंबगोल या जुन्या आकारावर आधारलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ ही जागतिक संदर्भप्रणाली वापरते. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश रूपांतर न करता भरल्यास कोल्हापूर परिसरात हद्द शंभरेक मीटरने सरकते. सगळी रेषा एकाच दिशेला सारख्याच अंतराने सरकलेली दिसली, तर आधी हेच तपासावे.

रेषा काही मीटर नव्हे, तर कित्येक किलोमीटर दूर पडली, तर अंशांची मांडणी पाहावी. १६ अंश ४२.३० मिनिटे म्हणजे दशांशात १६.७०५, ते १६.४२३० असे भरले, की कोल्हापूर शहरातला बिंदू दक्षिणेला सुमारे ३१ किलोमीटर जातो. केएमएल (गूगल अर्थमध्ये उघडणारी नकाशाची फाइल) मध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात, हेही ध्यानात ठेवावे.

गाव नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत बसवताना नियंत्रणबिंदू (नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे नेमका ओळखता येणारा बिंदू) म्हणून ओढ्याचे वळण किंवा पंचगंगेचा काठ धरू नये, कारण पाणी जागा बदलते. त्याऐवजी हद्दीचे जुने दगड घ्यावेत. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो दगड जागेवर शाबूत असेल, तर त्याच्याइतका भरवशाचा बिंदू नाही. बिंदू नकाशाच्या चारही बाजूंना विखुरलेले असावेत आणि एखादा ठाऊक बिंदू केवळ पडताळणीसाठी राखून ठेवावा, कारण कागद घड्यांवर ताणलेला किंवा आक्रसलेला असतो आणि ही खोट नियंत्रणबिंदूंवर दिसतच नाही.

राधानगरी परिसरात आणखी काळजी घ्यावी लागते. अभयारण्याची हद्द, राखीव वनाची हद्द आणि पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची हद्द या तीन स्वतंत्र रेषा असून संवेदनशील क्षेत्रात मालकीच्या जमिनीही येतात. त्या एकाच रंगात दाखवणे म्हणजे शेतकऱ्याचा बांध वनखात्याच्या नावावर दाखवण्यासारखे आहे.

क्षेत्र उपकरणात उमटतच नसेल, तर कारण साधे असते: जीपीएक्समध्ये (जीपीएस उपकरणांच्या फाइलचा प्रकार) बहुभुजाकृती नसते, म्हणून हद्द बंद ट्रॅकच्या, म्हणजे सुरुवातीलाच येऊन मिळणाऱ्या बिंदूंच्या रेषेच्या रूपात द्यावी. जुन्या उपकरणांत ट्रॅकमधील बिंदूंना मर्यादा असते. बिंदू कमी करताना हद्दीचे कोपरे गाळले जाणार नाहीत हे पाहावे.

हातातले उपकरण मोकळ्या माळावरही तीन ते पाच मीटर चुकू शकते, दाजीपूरच्या दाट झाडीत त्याहून अधिक. ३३ फूट लांबी-रुंदीचा गुंठा लक्षात घेतला, तर एवढ्या चुकीत अर्धा गुंठा इकडचा तिकडे होतो. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावातच मूळ नकाशा, त्याचे वर्ष आणि अंदाजे चूक नोंदवावी आणि अतिक्रमणाचा वाद असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे रीतसर मोजणीचा अर्ज करावा.