ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग: सराव आपल्याकडं, मासा हिमाचलात

सातारा-सांगलीकडचे गळाचे शौकीन आता फ्लाय, म्हणजे पिसा-दोऱ्याचा नकली किडा लावून ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरायला सुट्टी काढून हिमाचलातल्या तीर्थनला, बरोटला जायला लागलेत, लई भारी गोष्ट आहे. पण तिथं पोचल्यावर बरेच जण पहिल्या तासाभरात एकच करतात, नदीच्या पार पलीकडच्या काठाला दोरी टाकायच्या मागं लागतात आणि कंबरभर पाण्यात घुसतात. आता बर्फाच्या नदीत ट्राउट बहुतेक वेळा काठापासून पाच-दहा फुटांवरच असतो, म्हणजे तुम्ही ज्या पाण्यात पाय घातला तिथनंच तो पळालेला असतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की लांब फेकणं नंतर शिका, आधी मासा कुठं उभा राहतो ते शिका.

ट्राउट आपल्या कृष्णा-कोयनेत नाही आणि सोडला तरी टिकणार नाही. त्याला साधारण 10 ते 16 अंशांचं पाणी मानवतं, 20 च्या वर गेलं की तो खाणं कमी करतो, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. इंग्रजांनी 1900 च्या आसपास ब्राऊन ट्राउट काश्मीरला आणला, पुढं 1909 ला तो कुल्लूच्या बाजूला गेला. दक्षिणेत निलगिरीत आणि मुन्नारच्या वरच्या डोंगरात रेनबो ट्राउट आहे. पण काठीचा हात मात्र आपल्याकडंच बसवता येतो आणि तो बसवूनच जावा, तिथं जाऊन शिकण्यात अर्धी सुट्टी जाते.

सुरुवातीला 9 फुटी, 5 वेटची काठी (वेट म्हणजे काठीला चालणाऱ्या दोरीच्या वजनाचा नंबर), तरंगणारी दोरी आणि तेवढाच 9 फुटी निमुळता लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लायच्या मधली बारीक तंगूस, घ्या, बाकी काही नको. आधी मैदानावर, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. साध्या गळात वजन पुढं ओढतं, इथं वजन दोरीलाच असतं, त्यामुळं दोरी मागं पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढं न्यायचीच नाही. मान वळवून मागं बघा, त्यात लाजायचं काही नाही. चाबकासारखा फट्ट आवाज आला म्हणजे घाई झाली, पाण्यावर असतात तर फ्लाय तुटून गेली असती. हात भिंतीत खिळा ठोकताना चालतो तसा, वेग वाढवत न्यायचा आणि एकदम थांबवायचा. मनगट जास्त मोडलं की दोरी मागं जमिनीवर लोळते.

मग पाण्यावर या. कण्हेर किंवा उरमोडीच्या बॅकवॉटरला काठाच्या उथळात चिलापी असते, छोट्या निम्फवर, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारख्या बुडणाऱ्या फ्लायवर, ती छान येते, आणि हळू ओढायची सवय तिथंच लागते. धरणांचे मासेमारीचे ठेके सहसा सोसायट्यांकडं असतात, तेव्हा आधी विचारून परवानगी घ्या, कोयना अभयारण्य आणि चांदोलीच्या हद्दीत तर गळ काढूच नका. सांगलीकडच्यांनी एक ध्यानात ठेवा, औदुंबर-भिलवडी-डिग्रज पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, तिथं पाण्यात उतरून सराव अजिबात नको, उंच काठावरनंच करा.

आता मुद्द्याचं, नदीतला ट्राउट. त्याचं तोंड कायम प्रवाहाकडं असतं कारण खाणं वरनं वाहत येतं. जोराच्या धारेत उभं राहायला ताकद लागते, म्हणून तो संथ पाण्यात थांबतो पण धारेच्या अगदी चिकटून, म्हणजे किडा दिसला की बाजूला सरकून उचलायचा आणि परत जागेवर. त्यामुळं वेगवान आणि संथ पाणी जिथं घासतं ती रेघ शोधा, तिच्यावर बऱ्याचदा फेसाचे ठिपके वाहताना दिसतात, फेस जातो तिकडनंच किडे जातात. मोठ्या दगडाच्या मागं सगळेच टाकतात, पण दगडाच्या पुढंही पाणी आपटून एक मऊ जागा तयार होते, तिथं हमखास टाकून बघा. काठाखाली पाण्यानं पोखरलेली कपार सोडू नका. संध्याकाळी डोहाच्या शेपटाकडं, पाणी उथळ होऊन बाहेर पडतं तिथं लक्ष ठेवा.

ट्राउटचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला म्हणजे पाठ खालच्या अंगाला, म्हणून काठानं खालनं वर चालत जायचं, वाकून, भडक टीशर्ट न घालता. त्याला बाहेरचं जग पाण्यावरच्या एका गोल खिडकीतनं दिसतं आणि मासा जितका खोल तितकी खिडकी मोठी. उथळातला मासा म्हणून जरा जवळनं गाठता येतो, पण तुमची सावली मात्र त्याच्यावर पडू देऊ नका.

फ्लाय पडल्यावर खरी परीक्षा. मधली धार दोरीचं पोट खाली ओढते, मग फ्लाय पाण्यापेक्षा जोरात पळायला लागते आणि मागं छोटी व्ही आकाराची रेघ दिसते. असला किडा ट्राउट खात नाही. फ्लाय पडल्या पडल्या काठीचं टोक उचलून अर्धगोल फिरवायचं आणि दोरीचं पोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवायचं, फ्लाय न हलवता. हे एवढं जमलं की वीस फुटांवरचा मासा सुद्धा तुमचा, आणि हे जमेपर्यंत पन्नास फूट फेकून काही उपयोग नाही.

कुठली फ्लाय? पाण्यातला दगड उलटा करून बघा. वाळूच्या कणांची चिकटवलेली नळी दिसली तर ती कॅडिसची अळी, चपटे सळसळणारे किडे मेफ्लायचे, त्याच आकाराची आणि रंगाची निम्फ लावा. ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो. निम्फच्या वर, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर पिवळ्या लोकरीचा गुंता बांधा, तो थांबला, बुडाला, जरा जरी दचकला की काठी उचला. पृष्ठभागावर गोल तरंग उठून मागं बुडबुडा राहिला तर मासा वरचा तरंगता किडा खातोय, ड्राय फ्लाय, म्हणजे तरंगणारी फ्लाय, लावा. नुसती पाठ दिसली आणि बुडबुडा नाही, तर तो पाण्याच्या सालीखालचे किडे घेतोय.

तळ्यात सगळा हिशोब उलटा होतो. गंगाबल, विशनसर किंवा निलगिरीतलं अवलांच, तिथं प्रवाह नाही, खाणं चालत येत नाही, म्हणून मासाच फिरतो. तेव्हा तुम्ही एका जागी थांबा. ओढा तळ्यात येतो ते तोंड, उथळ तळ एकदम खोल होतो ती कड, आणि वारा ज्या काठाला धडकतो तो काठ, कारण वाऱ्यानं किडे तिकडंच जमतात. पहाटे आणि संध्याकाळी मासा काठाला, उन्हात खोल. बुडणारी दोरी टाकून मनात दहा आकडे मोजा मग ओढा, पुढच्या वेळी वीस, मग तीस, ज्या आकड्याला झटका आला तोच धरून ठेवा. काठीचं टोक पाण्याला टेकवून ठेवायचं, दोरी डाव्या हाताच्या बोटांनी हळूहळू गोळा करायची, आणि झटका आला तरी काठी उचलायची नाही, ओढतच राहायचं, गळ आपोआप बसतो.

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, तो काळ ब्राऊनच्या अंडी घालण्याचा. मार्च-एप्रिल आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर चांगले, मे-जूनला बर्फ वितळून पाणी गढूळ आणि जोराचं, त्यातही सकाळी कमी, दुपारनंतर चढतं. तेव्हा पलीकडं जायचं तर परतीचा विचार करून. धरणाच्या खालच्या बाजूला उभे असाल तर भोंगा ऐकला की सामान टाकून वर या. मत्स्य विभागाचं लायसन तिथंच मिळतं. जाण्याआधी पकडीनं गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करा, मासा धरताना हात ओले करा, आणि सोडताना तोंड प्रवाहाकडं करून तो स्वतः निसटेपर्यंत हलकेच धरून ठेवा.