ब्रॅक्टिएट हातात घेताना होळकरी रुपयाच्या सवयी बाजूला ठेवा

इंदूरच्या सराफ्यात जुनं नाणं पुढे आलं की ते वाजवून बघायचं, कसोटीवर घासायचं, काळं असेल तर रिठ्याच्या पाण्यात टाकायचं, ही आपली रीत. मल्हारनगर टांकसाळीचा रुपया ११ ग्रॅमच्या आसपास भरतो, जाडही असतो. तो हे सोसतो. बाराव्या शतकातला जर्मन ब्रॅक्टिएट, म्हणजे एकाच बाजूने छाप मारलेलं पातळ पत्र्याचं चांदीचं नाणं, बहुधा एक ग्रॅमही भरत नाही, मात्र रुंदी ४ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. तो वाजवलात तर चिरेल.

हा नाजूकपणा घडणीतच आहे. चांदीत थोडं तांबं मिसळून कांब ओतायची आणि ठोकून पत्रा करायचा. ठोकताना चांदी कडक होते, कडा फाटतात, म्हणून मधूनमधून तापवून नरम करावी लागे. मग कातरीने चकत्या कापत. इतक्या पातळ पत्र्यावर दोन्ही बाजूंनी छाप मारली की चित्रं एकमेकांना बिघडवतात. त्याआधीच्या पातळ दुतर्फी पेनिगांवर (पेनिग म्हणजे तिथलं चांदीचं चलनी नाणं, ब्रॅक्टिएटही त्यातलाच) हा गोंधळ स्पष्ट दिसतो. त्यावर उपाय म्हणजे चामड्यासारखा मऊ आधार आणि एकच ठसा: पुढे उठाव, मागे त्याच चित्राचा खड्डा. ब्राउनश्वाइगला सॅक्सनीचा ड्यूक हेन्री द लायनने पाडलेल्या नाण्यांवरचा सिंह पाहा, एवढ्याशा जागेतलं कोरीवकाम थक्क करतं.

ही नाणी टिकावीत अशी अपेक्षाच नव्हती. माग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान वर्षातून दोनदा जुनी नाणी रद्द करी. अशा बदलीत १२ जुन्यांचे ९ नवे मिळणं नेहमीचं होतं; हा बट्टा म्हणजेच कर. म्हणून आज हाती येणारे बरेच ब्रॅक्टिएट पुरलेल्या ठेव्यांतले असतात: झीज कमी, पण मातीत राहून चांदी ठिसूळ झालेली. वाकलेला ब्रॅक्टिएट सरळ करायला जाऊ नका, तो तिथेच तुटतो. सरळ रेषेत कापलेला अर्धा तुकडा दिसला तर तो खराब समजू नका. सुट्ट्यासाठी पेनिग कापून अर्धा करत.

घेताना आधी मागची बाजू तपासा. अस्सल नाण्यात मागचा खड्डा पुढच्या उठावाशी जुळतो, पण रेषा जरा मवाळ असतात, कारण खाली मऊ आधार होता. ओतीव नकलेत बारीक छिद्रं आणि जाडसर कड दिसते. जुनी नक्कलही सापडते: हॅनोव्हरच्या निकोलाउस झेलेंडरने अठराव्या शतकातच बनावट ब्रॅक्टिएट पाडले होते, त्यामुळे ‘फार जुन्या संग्रहातलं’ एवढ्या शब्दावर पैसे देऊ नका. वजन ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या दागिन्यांच्या काट्यावर करा. रुंदी नाणं आलेख कागदावर ठेवून मोजा. कॅलिपरच्या जबड्यात कड चेपते.

काळेपणा राहू द्या. चिंच, रिठा, पॉलिश, कापड, काहीही नको. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, न घासता टिपकागदावर सुकवा. उचलताना खाली ताठ कार्ड सरकवा.

ठेवायला पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा. त्यांतून चिकट हिरवा थर चढतो. आम्लरहित पुठ्ठ्यात ब्रॅक्टिएटच्या मापाचा खळगा कापा, वर पॉलिएस्टरचं झाकण द्या, म्हणजे उठावावर दाब येत नाही. स्टेपलरची पिन कडेपासून लांब मारा आणि चपटी करा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा, आणि ब्रॅक्टिएटचा डबा रुपयांच्या डब्याखाली कधीही रचू नका.