ठाण्यात व्हॅल्युएशनचं काम : अर्ज अडत होता तो असा सुटला

घर-जमिनीची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरने बँकेच्या पॅनलसाठी, म्हणजे बँकेच्या मान्य व्हॅल्युअरच्या यादीसाठी, थेट केलेल्या अर्जाला बहुतेकदा उत्तरच येत नाही. सिव्हिल पदवीनंतर ५ वर्षांचा अनुभव, ५० तासांचा कोर्स, आयबीबीआयची (व्हॅल्युअरची नोंदणी करणारी केंद्रीय संस्था) परीक्षा, एवढं होऊनही. उपाय लागू पडला तो असा: आधीच पॅनलवर असलेल्या व्हॅल्युअरकडे साइट व्हिजिटचं काम धरायचं. भेटायला जाताना नमुना अहवाल न्या. त्यात त्याच सोसायटीतल्या अलीकडच्या ३ व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) जोडा. नुसत्या रेडी रेकनरवर अहवाल उभा करू नका, तो मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे, बाजारभाव नव्हे. सगळ्यात घातक चूक म्हणजे दर कार्पेटचा (भिंतींच्या आतल्या जागेचा) आणि क्षेत्रफळ बिल्टअपचं (भिंतींसकट)! वाशी-नेरुळकडे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा जमिनीचा भाडेपट्टा किती वर्षं उरलाय, तेही आवर्जून लिहा.