बफिंग करताना या चुका टाळा : कंपाउंड आणि पॅड निवडताना होणारे घोळ

गाडीच्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे (स्वर्ल) दिसले की नवशिका आधी कंपाउंडची, म्हणजे रंग घासून ओरखडे काढणाऱ्या लेपाची, बाटली निवडतो. 'हेवी कट' (जास्त घासणारं) लिहिलेली असेल तर फारच उत्तम, आणि पॅड काय, हाताला लागेल ते. बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात. एकच कंपाउंड वूल (लोकरीच्या) पॅडवर घेतलं तर ते रंग खरवडून काढतं आणि मऊ फोमवर घेतलं तर नुसती झळाळी देतं. त्यामुळे निवड नेहमी जोडीची करावी, सुट्या बाटलीची नव्हे.

सगळ्यात कडक जोडीने सुरुवात

ही चूक सर्वात जास्त होते आणि सर्वात महाग पडते. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनचा. ऊन अडवणारी द्रव्यं याच थरात असतात आणि बफिंगमध्ये झिजतो तोही हाच थर. तो पुन्हा भरून येत नाही.

काळ्या गाडीच्या बॉनेटवर हे कसं घडतं ते पाहा. बॉनेटभर स्वर्ल असतात आणि मध्ये दोन खोल चरे. त्या दोन चऱ्यांसाठी रोटरीवर (पॅड एकाच अक्षाभोवती फिरवणाऱ्या मशीनवर) वूल पॅड चढतं, जाड कंपाउंड येतं, वेग थेट १८०० आरपीएम. दहा मिनिटांत चरे दिसेनासे होतात आणि पुसल्यावर बॉनेट आरशासारखं चमकतं. दोन वेळा धुतल्यावर कंपाउंडमधलं तेल निघून जातं. मग उन्हात पॅडच्या फेऱ्यांचे पट्टे, म्हणजे होलोग्राम, उघडे पडतात आणि त्यांच्या मागे चरेही डोकावतात. ते घालवायला पुन्हा तीच जोडी, आणखी दाब देऊन. बॉनेटच्या उठावदार घडीवर क्लिअर मुळातच पातळ असतो आणि पॅडचा सगळा भार तिथे एका रेषेवर येतो. तिथे आधी निस्तेज डाग पडतो, मग पांढऱ्या पॅडवर काळा रंग उतरतो. पॅड काळं झालं म्हणजे क्लिअर संपून बेस कोट (खालचा रंगाचा थर) लागला. आता कुठलंही पॉलिश कामाचं नाही, बॉनेट रंगवायलाच द्यावं लागतं. (क्लिअर नसलेल्या जुन्या एकथरी रंगात पॅडला रंग लागणं नेहमीचंच आहे. म्हणून समोर कोणता रंग आहे हे आधी पाहावं.)

पोहोचायचं होतं ते उलट्या वाटेने. गाडी धुऊन, लोहकण काढून, क्ले (चिकटलेली घाण ओढून घेणारा मातीसारखा गोळा) फिरवून झालं की साधारण ५० सेंटिमीटरचा चौकोन टेपने आखावा. तिथे मध्यम फोम आणि बारीक पॉलिश (कंपाउंडपेक्षा सौम्य लेप) घेऊन चार ते सहा फेऱ्या माराव्यात. मग १० ते १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसून उजेडात पाहावं. हे पुसणं टाळू नये. तेल आणि फिलर (ओरखडे तात्पुरते झाकणारी द्रव्यं) गेल्याशिवाय खरा निकाल दिसत नाही. (ताज्या रंगावर मात्र अल्कोहोल वापरू नये.) ओरखडे उरले तर आधी पॅड एक पायरी कडक करावं, पॉलिश तेच ठेवावं. तरीही भागलं नाही तर कंपाउंड बदलावं. एका वेळी एकच गोष्ट बदलली की कशाने फरक पडला ते कळतं. ज्या चऱ्यात नख अडकतं तो चरा बफिंगने काढायच्या भानगडीत पडू नये. त्याच्या कडा थोड्या मऊ कराव्यात आणि सोडून द्यावा. पेंट थिकनेस गेज असेल तर प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी मोजावं. कुठे पुन्हा रंगकाम झालंय तेही लगेच समजतं. पण गेज एकूण जाडी दाखवतं, क्लिअर किती उरलाय ते नाही.

या चाचणीत अर्धा तास जातो म्हणून लोक कंटाळतात. बॉनेट रंगवायला गेलं की किती दिवस जातात, याचा हिशोब मात्र कोणी करत नाही.

भरलेल्या पॅडवर कंपाउंड ओतत राहणं

'कंपाउंड कापत नाही' या तक्रारीत दोष बहुतेकदा बाटलीचा नसतो. पॅडच्या छिद्रांत झिजलेला रंग आणि जुनं कंपाउंड साचून चिकट थर झालेला असतो. असं पॅड कापत नाही, नुसतं घासतं आणि तापतं. मग धुरकटपणा येतो, बारीक ओरखडे उठतात, आणि माणूस दाब वाढवतो किंवा आणखी कंपाउंड ओततो. दोन्हींनी प्रकरण चिघळतं.

प्रत्येक भाग झाला की फोमवर नायलॉनचा ब्रश फिरवावा. मायक्रोफायबर आणि वूल पॅडला हवेचा झोत उत्तम. मायक्रोफायबरवर कडक ब्रश लावू नये, धागे मोडतात. नव्या पॅडवर आधी कंपाउंडचा पातळ हात सगळीकडे चोळून घ्यावा, म्हणजे कोरड्या जागी रंग घासला जात नाही. त्यानंतर प्रत्येक भागाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. एका गाडीला एकच पॅड हा हिशोब सोडून द्यावा. कंपाउंडसाठी तीन-चार आणि पॉलिशसाठी दोन-तीन पॅड हाताशी हवीत. कंपाउंडचं पॅड पॉलिशला कधीच वापरू नये, धुतलं तरी. एखादा जाड कण आत अडकलेला असतोच.

झिजत जाणाऱ्या कणांचं कंपाउंड अर्धवट फिरवून पुसलं तर धूसरपणा राहतो. न झिजणाऱ्या कणांच्या कंपाउंडचा कट शेवटपर्यंत तसाच राहतो, म्हणून तिथे पॅड स्वच्छ असणं जास्तच महत्त्वाचं. दोन्ही प्रकार एका पॅडवर मिसळू नयेत.

बाकीच्या, थोडक्यात

पॅडच्या रंगावर भरवसा: एका कंपनीचं केशरी पॅड मध्यम असेल, तर दुसऱ्या कंपनीचं कडक. बोटाने दाबून पाहा, पाकिटावर वाचा.

डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, फिरता फिरता डोलणाऱ्या) मशीनवर इतका दाब की पॅड फिरायचंच थांबतं: बॅकिंग प्लेटच्या (पॅड ज्यावर चिकटतं त्या चकतीच्या) कडेवर मार्करने एक रेघ ओढा. रेघ फिरताना दिसत नसेल तर दाब कमी करा.

बॅकिंग प्लेट चुकीच्या मापाची: पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठं हवं. प्लेटची कड बाहेर आली की रंगात खाच पडते.

मऊ क्लिअरवर मायक्रोफायबर पॅड वापरून तिथेच थांबणं: कट छान येतो, पण मागे धुरकट जाळी राहते. त्यावर मऊ फोम आणि बारीक पॉलिशची फेरी हवीच. वूलनंतर तर हवीच हवी.

प्लास्टिक बंपरवर पत्र्यासारखं रोटरी चालवणं: पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक नाही. एका जागी दोन सेकंद जास्त थांबलात तर रंग फुगतो किंवा सुरकुततो. तिथे डीए, कमी वेग, आणि दर फेरीनंतर हाताने तापमान तपासणं.

उन्हात, तापलेल्या पत्र्यावर काम: कंपाउंड काम व्हायच्या आधीच सुकतं आणि धूळ उडते. सावली धरा, पत्रा थंड होऊ द्या.

दाराच्या कडा, घड्या, हँडलचे कोपरे: टेप लावून घ्या. सगळं बफिंग झाल्यावर टेप काढा आणि तेवढी पट्टी मऊ पॅडने हाताने, बारीक पॉलिशने पुसून घ्या. मशीन तिथे नेऊ नका.

वापरलेलं पॅड तसंच कपाटात ठेवणं: सुकलेलं कंपाउंड दगडासारखं कडक होतं आणि पुढच्या गाडीवर ओरखडे काढतं. काम संपल्यावर लगेच कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळताना मुरडू नका, आणि हवेशीर जागी पूर्ण वाळवा. मागचं वेल्क्रो सुटायला लागलेलं पॅड टाकून द्या. वेगात ते प्लेटवरून उडतं आणि प्लेट सरळ रंगावर बसते.