मोगरा बहरायचा तर थंडीत पाणी तोडा

कुंडी हिरवीगार, पण एप्रिल उजाडला तरी कळी नाही. मोगऱ्याबद्दलची ही नेहमीची तक्रार. चूक मात्र डिसेंबर-जानेवारीतच झालेली असते. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटव्यांच्या शेंड्यांवर. थंडीत पाणी तोडून झाडाला ताण दिला नाही, छाटलं नाही, तर जुन्या काड्याच लांबत जातात.

जमिनीतल्या झाडाचं पाणी डिसेंबरच्या मध्यापासून दोन-तीन आठवडे बंद ठेवा. कुंडीत एवढा ताण दिला तर मुळं वाळतील. तिथे आठ-दहा दिवस पुरतात. पानं मलूल व्हायला लागली की ताण झाला, तो लगेच थांबवा.

मग छाटणी. जमिनीतलं झाड दीड फुटावर, कुंडीतलं साधारण निम्मं. वाळक्या, किरकोळ आणि आत वळलेल्या काड्या बुडातून काढा. काप डोळ्याच्या, म्हणजे फुटवा निघतो त्या जागेच्या, पाव इंच वर, धारदार कात्रीनं. बोथट कात्रीनं काडी चिरडते आणि तिथून सुकत खाली येते. उरलेली पानंही हातानं खुडून टाका. झाड बोडकं दिसेल. दया करू नका. विदर्भात थंडी कडक असेल तर हे काम जानेवारीअखेर करावं, कारण गारठ्यात नवी फूट रेंगाळते.

छाटल्यावर माती दोन इंच खुरपून खत घाला. बारा इंची कुंडीला दोन-तीन ओंजळी गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचा चुरा. जमिनीतल्या मोठ्या झाडाला आठ-दहा किलो कुजलेलं शेणखत. युरिया नको, त्यानं नुसता पाला माजतो. आता भरपूर पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत फुटवे दिसतात आणि मार्चच्या सुमाराला कळ्या. पहिला बहर ओसरला की फुललेले शेंडे दोन पेरं खाली खुडा, महिना-सव्वा महिन्यात पुन्हा कळ्या धरतात.

एवढं करूनही फुलं आली नाहीत, तर ऊन मोजा. रोज सहा तास थेट ऊन हवंच. दोन तासांच्या उन्हाच्या गॅलरीत मोगरा जगेल, फुलणार नाही.

नवीन रोप जूनमध्ये लावावं. गजऱ्यासाठी लांब कळीचा मदनबाण किंवा एकेरी मोगरा बरा. गोल, गच्च पाकळ्यांचा बटमोगरा दिसतो देखणा, पण फुलं कमी देतो. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाडी वाळू. तळाला विटांचे तुकडे. जमिनीत दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, दोन झाडांत चार-पाच फूट अंतर. पावसाळ्यात अर्धवट पिकलेल्या काडीचा तीन-चार पेरांचा तुकडाही महिना-दीड महिन्यात मुळं धरतो. जमिनीलगतची फांदी मातीत दाबून ठेवली तर वेळ जास्त लागतो, पण रोप हमखास मिळतं.

रोगांपेक्षा कीड जास्त सतावते. कळ्या गुलाबी-जांभळ्या होऊन सुकत असतील तर ती कळीमाशी. तिची अळी कळीतून मातीत उतरून कोष करते, म्हणून गळालेल्या कळ्या रोज वेचून नष्ट करा आणि वरची माती खुरपत राहा. कळ्यांना भोकं आणि जाळीनं एकत्र चिकटलेल्या असतील तर ती कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या खुडून टाका. दोन्हींवर संध्याकाळी, आठ दिवसांच्या अंतरानं, लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून फवारा. पानांखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. पाइपनं पानांच्या खालून जोरात पाणी मारा. गंधक चालतं, पण भर उन्हाळ्यात त्यानं पानं करपतात.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत किंवा बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं. फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, महिन्यातून एकदा पानांवर फवारा. जुनीच पानं पिवळी पडत असतील आणि माती सतत ओली असेल, तर आधी कुंडीची भोकं मोकळी आहेत का ते बघा.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या मोगरा बागांत बाजारासाठी कळ्या पहाटे खुडतात. घरच्या गजऱ्याला घाई नाही. दुपारी चारनंतर पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या पण मिटलेल्या कळ्या काढा, ओल्या फडक्यात ठेवा. दिवेलागणीनंतर त्या उमलायला लागतात.