इंटर-व्हीलॅन राउटिंग : छोट्या नेटवर्कवर या चुका टाळा

लातूरचे कोचिंग क्लास, बीडच्या पतसंस्था, जालन्यातल्या बियाणे कंपन्यांची ऑफिसं, परभणी-अंबाजोगाईकडची छोटी हॉस्पिटलं. मोठ्या शहरातल्या आयटी विभागाचं मानलं जाणारं काम आता इथेही दारात आलंय. मॅनेज्ड स्विच बसतो, कॅमेरे वेगळे, ऑफिस वेगळं, पाहुण्यांचं वायफाय वेगळं असे व्हीलॅन (एकाच स्विचवरची एकमेकांपासून वेगळी नेटवर्क) पडतात, आणि त्यांच्यात ये-जा करायला इंटर-व्हीलॅन राउटिंग लागतं. व्हीलॅन पाडायला वेळ लागत नाही. खरा कस दुसऱ्या दिवशी लागतो, ऑफिसातून फोन येतो तेव्हा : "दादा, कालपासून प्रिंट येईना झालीय."

असा फोन आला की बहुतेकजण सरळ राउटर उघडून बसतात. माझं म्हणणं असं की राउटरकडे सगळ्यात शेवटी जा. बऱ्याचदा पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पलीकडे व्यवस्थित पोचलेलं असतं, उत्तर तेवढं परत आलेलं नसतं. लातूरहून औशाला जाणारी एसटी मिळाली म्हणून परतीची मिळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक बिघाडाला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे : पॅकेट गेलं का, आणि परत आलं का?

बोलायला सोपं जावं म्हणून लातूरचा एक क्लास डोळ्यांपुढे ठेवू. व्हीलॅन १० ऑफिस, २० मुलांची कॉम्प्युटर लॅब, ३० कॅमेरे आणि ४० वायफाय. पत्ते १९२.१६८.१०.०, १९२.१६८.२०.० असे, मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) सगळीकडे २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) प्रत्येक ठिकाणी शेवटी १. व्हीलॅनचा नंबर आणि पत्त्यातला तिसरा आकडा सारखाच असावा असा नियम नाही, पण तसा ठेवलात तर रात्री फोनवरून दुरुस्ती करताना डोकं शांत राहतं.

प्रिंटर, बायोमेट्रिक आणि डीव्हीआरला गेटवेच नसतो

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. प्रिंटर ज्या दिवशी बसवला त्या दिवशी सगळं नेटवर्क एकच होतं. कुणीतरी पॅनलवरून आयपी आणि मास्क टाकला, गेटवेची ओळ ०.०.०.० तशीच सोडली आणि काम चालू झालं. एका नेटवर्कमध्ये गेटवेची गरजच पडत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. व्हीलॅन पाडले की लॅबमधल्या कॉम्प्युटरची प्रिंट राउटरमार्गे प्रिंटरपर्यंत पोचते. उत्तर मात्र कुठे पाठवायचं हे प्रिंटरला ठाऊकच नसतं.

ओळखायची खूण सोपी आहे. प्रिंटरच्याच व्हीलॅनमधून पिंग (यंत्र उत्तर देतं का ही चाचणी) लागतो, राउटरवरूनही लागतो, दुसऱ्या व्हीलॅनमधून मात्र लागत नाही. राउटरवरून का लागतो? कारण राउटर पिंग करताना त्याच व्हीलॅनमधला स्वतःचा पत्ता वापरतो, म्हणजे प्रिंटरच्या दृष्टीने तो शेजारीच असतो. इथेच पुष्कळ जण फसतात : "राउटरवरून तर लागतोय, म्हणजे राउटिंग बरोबर आहे," असं म्हणून दुसरीकडे शोधायला लागतात. सिस्कोवर पिंग करताना सोर्स म्हणून दुसऱ्या व्हीलॅनचा इंटरफेस द्या, खरं चित्र लगेच दिसेल.

मास्क चुकला तरी असंच होतं. उपकरणावर २५५.२५५.०.० राहिला तर १९२.१६८.२०.५ हा पत्ता त्याला आपल्याच नेटवर्कमधला वाटतो. ते गेटवेकडे न जाता थेट एआरपीने (शेजारच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारायची पद्धत) हाका मारत बसतं, आणि एआरपी व्हीलॅनबाहेर जात नाही. सिस्कोच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्या यंत्राच्या वतीने राउटरनेच उत्तर देणं) चालू असतो, म्हणून कधीकधी ही चूक झाकून जाते आणि राउटर बदलला की अचानक वर येते. स्टॅटिक आयपी असलेल्या प्रत्येक यंत्राचा आयपी, मास्क आणि गेटवे व्हीलॅन पाडण्यापूर्वीच वहीत उतरवून घ्या.

ट्रंकवर "ॲड" न लिहिणं

नवीन व्हीलॅन ४० सुरू करायचा आहे. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) आधीच १०, २०, ३० चालू आहेत. सिस्को स्विचवर माणूस लिहितो : स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०. एंटर दाबताक्षणी ऑफिस, लॅब आणि कॅमेरे तिन्ही बंद. ही कमांड यादीत भर घालत नाही, अख्खी यादीच बदलते. हवं होतं ते स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४०. तुम्ही स्वतः व्हीलॅन १० मधून स्विचवर शिरला असाल, तर चूक दुरुस्त करायलाही आत येता येत नाही, कन्सोल केबल घेऊन रॅकपाशीच जावं लागतं. दुरून काम करताना "रीलोड इन १०" देऊन ठेवा. काही बिघडलं तर दहा मिनिटांत स्विच जुन्या सेव्ह केलेल्या सेटिंगवर परत येतो. सगळं ठीक झालं तर रीलोड कॅन्सल करायला विसरू नका.

शो इंटरफेसेस ट्रंक ही कमांड तीन वेगळ्या याद्या दाखवते : परवानगी असलेले व्हीलॅन, त्यातले स्विचवर प्रत्यक्ष अस्तित्वात असलेले, आणि स्पॅनिंग ट्रीने (पॅकेटं गोल फिरत राहू नयेत म्हणून रस्ता अडवणारी यंत्रणा) सोडलेले. तुमचा व्हीलॅन पहिल्या यादीत आहे पण दुसऱ्यात नाही, म्हणजे तो त्या स्विचवर बनवलेलाच नाही. दोन स्विचमध्ये तिसरा असेल तर त्या मधल्यावरही तो बनवावा लागतो. आणि मध्ये कुणी साधा अनमॅनेज्ड स्विच टाकला असेल तर तो आधी काढा. बरेच साधे स्विच टॅग (व्हीलॅनच्या नंबराची खूण) लागलेलं पॅकेट पुढे जाऊ देतात, काही देत नाहीत. त्या भरवशावर ट्रंक चालवू नये. साधा स्विच ॲक्सेस पोर्टच्या (एकाच व्हीलॅनच्या पोर्टच्या) पुढे लावायचा.

स्वस्तातल्या वेब-मॅनेज्ड स्विचवर पीव्हीआयडी

आपल्याकडे छोट्या जागी सिस्कोपेक्षा टीपी-लिंक किंवा डी-लिंकचे वेब पानावरून चालणारे स्विच जास्त दिसतात. तिथे सेटिंग दोन ठिकाणी करावं लागतं. पोर्ट ५ व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड केला, की त्या व्हीलॅनची पॅकेटं पोर्टमधून बाहेर पडताना टॅग न लावता जातील एवढंच ठरलं. बाहेरून आत येणारं टॅग नसलेलं पॅकेट कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचं हे पीव्हीआयडी ठरवतो, आणि तो वेगळ्या पानावर असतो. तो १ वरच राहिला की कॉम्प्युटर बोलतो व्हीलॅन १ मध्ये आणि ऐकतो २० मध्ये. पुन्हा तेच : जायचा रस्ता एक, यायचा दुसरा. पोर्ट व्हीलॅन २० मध्ये घातल्यावर पीव्हीआयडी २० करा आणि त्याच पोर्टला व्हीलॅन १ मधून काढा.

मायक्रोटिकचे राउटर वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. व्हीलॅन इंटरफेस ब्रिजवर (पोर्ट एकत्र जोडणाऱ्या आतल्या स्विचवर) बनवा, ब्रिजमध्ये घातलेल्या पोर्टवर नको. ब्रिजच्या व्हीलॅन तक्त्यात ब्रिजलाही टॅग्ड सभासद म्हणून घाला, नाहीतर पॅकेट राउटिंगपर्यंत पोचतच नाही. व्हीलॅन फिल्टरिंगची खूण सगळ्यात शेवटी करा, आणि तीही सेफ मोड (संपर्क तुटला तर बदल मागे घेणारी सोय) चालू ठेवून.

लेयर ३ स्विचवर राउटिंग चालूच नसणं

बऱ्याच सिस्को लेयर ३ (राउटिंगही करू शकणाऱ्या) स्विचवर व्हीलॅन इंटरफेसला आयपी दिला तरी "आयपी राउटिंग" ही कमांड दिल्याशिवाय पॅकेट एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जात नाही. ती दिली की जुनी "आयपी डिफॉल्ट-गेटवे" ओळ निकामी होते, आणि इंटरनेटकडे जायला डिफॉल्ट रूट वेगळा लिहावा लागतो. व्हीलॅन इंटरफेस डाउन दिसत असेल तर त्या व्हीलॅनचा एकही पोर्ट चालू नाही, किंवा व्हीलॅन बनवायचाच राहिलाय, हे आधी पाहा. राउटर-ऑन-अ-स्टिक (एकाच केबलवर सगळे व्हीलॅन घेणारा राउटर) असेल तर सबइंटरफेसचा (त्या केबलवरच्या एकेका व्हीलॅनच्या भागाचा) नंबर नुसता नावापुरता असतो. खरा व्हीलॅन एन्कॅप्सुलेशनच्या ओळीतला. आणि मूळ इंटरफेसला नो शटडाउन दिलंय का, तेही बघा.

इथे एक फसवी चाचणी आहे. ऑफिसातून १९२.१६८.३०.१ ला पिंग लागला म्हणून कॅमेऱ्यांचा व्हीलॅन चालू आहे असं समजू नका. तो पत्ता राउटरचाच आहे आणि उत्तरही राउटरच देतो. ट्रंकवर ३० बंद असला तरी सबइंटरफेस वरच राहतो. पलीकडच्या खऱ्या यंत्राला पिंग करा.

आपसात चालतं, इंटरनेट चालत नाही

फायबर कंपनीने दिलेल्या डब्याला फक्त स्वतःचं नेटवर्क माहीत असतं, समजा १९२.१६८.१.०. तुमचा स्विच लॅबची पॅकेटं त्याच्याकडे पाठवतो. उत्तर येतं तेव्हा १९२.१६८.२०.० कुठे आहे हे त्या डब्याला माहीत नसतं आणि उत्तर तिथेच संपतं. डब्यावर स्टॅटिक रूट टाकता येत असेल तर प्रत्येक व्हीलॅनचं नेटवर्क स्विचच्या पत्त्याकडे वळवा. तशी सोय नसेल तर मध्ये स्वतःचा राउटर ठेवा आणि नॅट (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवणं) त्याच्यावरच करा. आधीपासून स्वतःचा राउटर असेल तर नॅटच्या यादीत नवीन व्हीलॅन घातलाय का ते तपासा. बहुतेक ठिकाणी यादीत फक्त १० असतो.

डीएचसीपी

डीएचसीपी म्हणजे कॉम्प्युटरला आपोआप पत्ता देणारी सोय. कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला म्हणजे सर्व्हरपर्यंत हाक पोचली नाही. ही हाक ब्रॉडकास्ट असते, ती व्हीलॅन ओलांडत नाही. "आयपी हेल्पर-ॲड्रेस" ज्या व्हीलॅनमध्ये कॉम्प्युटर आहेत त्या इंटरफेसवर लिहायचा, सर्व्हर असलेल्या इंटरफेसवर नाही. रिले (हाक सर्व्हरपर्यंत पुढे नेणारा राउटर) त्या विनंतीत गेटवेचा पत्ता घालतो आणि सर्व्हर त्यावरून स्कोप (वाटायच्या पत्त्यांचा गट) निवडतो. त्यामुळे सर्व्हरवर प्रत्येक व्हीलॅनचा स्कोप हवा, आणि सर्व्हरलाही गेटवे हवाच.

विंडोजचा फायरवॉल आणि नावाने शोधणं

नेटवर्क प्रायव्हेट किंवा पब्लिक असेल तर विंडोजचा फायरवॉल फाइल-प्रिंटर शेअरिंगचे नियम, पिंगसकट, "लोकल सबनेट"पुरतेच ठेवतो. कालपर्यंत उघडणारं शेअर व्हीलॅन पाडल्यावर उघडत नाही ते यामुळे. फायरवॉल बंद करू नका. शेअर ऑफिसातून उघडायचं असेल तर नियमाच्या स्कोपमध्ये १९२.१६८.१०.०/२४ हे नेटवर्क घाला. टॅलीचा डेटा सर्व्हरच्या नावाने उघडत असाल तर तेही अडकेल, कारण छोट्या ऑफिसात ते नाव ब्रॉडकास्टनेच सापडत होतं. आयपीने उघडा किंवा डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी सोय) नोंद करा.

अडवायला गेलं एक, अडलं दुसरंच

राउटिंग चालू झालं की सगळे व्हीलॅन एकमेकांना उघडे होतात. वायफायवर आलेला पाहुणा डीव्हीआरच्या लॉगिन पानापर्यंत जाऊ शकतो. म्हणजे व्हीलॅन पाडले ते कशासाठी? ॲक्सेस लिस्ट (कोणतं पॅकेट सोडायचं, कोणतं अडवायचं याची यादी) लावावीच लागते, आणि ती लावतानाच्या दोन चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली. "कॅमेऱ्यांनी ऑफिसात शिरायचं नाही" म्हणून ३० कडून १० कडे जाणारं सगळं अडवलं. आता ऑफिसातून कॅमेरेच दिसत नाहीत. साधी ॲक्सेस लिस्ट प्रत्येक पॅकेट सुटं बघते. ऑफिसने मागितलेला व्हिडिओ आणि कॅमेऱ्याने आपणहून केलेली घुसखोरी यांतला फरक तिला कळत नाही. मायक्रोटिकवर "एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड" ला परवानगी देणारा नियम सगळ्यात वर ठेवा, मग अडवा. सिस्कोच्या साध्या लिस्टमध्ये टीसीपीसाठी "एस्टॅब्लिश्ड" हा शब्द आहे, पण यूडीपीवर (आधी जोडणी न करता पाठवायच्या पद्धतीवर) चालणाऱ्या व्हिडिओला तो पुरत नाही.

दुसरी. पाहुण्यांच्या व्हीलॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारं सगळं अडवलं आणि बाकीचं सोडलं. मोबाइल वायफायला जोडला जातो, पण एकही पान उघडत नाही. कारण त्याचा डीएनएस १९२.१६८.४०.१ आहे आणि तोही या नियमात अडकला. आधी गेटवेकडे जाणारा डीएनएस आणि डीएचसीपी सोडा, मग आतली नेटवर्क अडवा, आणि शेवटी बाकी सगळं सोडा. शेवटची ओळ लिहिली नाही तर सिस्कोवर न दिसणारी "सगळं अडवा" ओळ आपोआप लागू होते.

लाइट गेली आणि सेटिंगही गेलं

उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसतो आणि रॅकमधल्या यूपीएसची बॅटरी बदलायची कुणाला आठवण नसते. सिस्कोवर "राइट मेमरी" दिलं नाही तर केलेलं काम फक्त चालू मेमरीत असतं. टीपी-लिंकच्या काही मॉडेलवरही अप्लाय केल्यावर "सेव्ह कॉन्फिग" वेगळं दाबावं लागतं. स्विच सेव्ह केला आणि राउटर राहिला, तर लाइट आल्यावर व्हीलॅन आहेत पण गेटवे नाहीत असा प्रकार होतो. सेव्ह केल्यावर दोन्हींच्या सेटिंगची फाइल उतरवून क्लासच्या ऑफिसात एक प्रत ठेवा. मग संध्याकाळची शेवटची बॅच सुटली की स्विच आणि राउटर दोन्ही बंद करून चालू करा, लॅबमधून एक प्रिंट काढा, ऑफिसातून एक कॅमेरा उघडा, आणि वायफायवरच्या मोबाइलवरून तोच कॅमेरा उघडत नाही ना, हे बघूनच निघा.